तेरावा कॅन

सोमवारी सकाळी आमच्याकडेकर प्रयोगशाळेत शिरले ते पाच लिटरचा पांढरा कॅन छातीशी धरून. नवं बाळ घरी आणताना सुद्धा माणूस इतका जपत नसेल. दारातच त्यांनी जाहीर केलं, "आलं! आमच्याकडचं पाणी आलं!"

आमच्याकडेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपटात होतं आणि तिथेच धूळ खात पडलं होतं. पाणी तपासणाऱ्या त्या सरकारी प्रयोगशाळेत ते मुख्य रसायनतज्ज्ञ होते, आणि गाव सोडून शहरात आल्यापासूनच्या एकोणीस वर्षांत त्यांचं एकही वाक्य 'आमच्याकडे' या शब्दावाचून सुरू झालं नव्हतं. आमच्याकडे डाळ अशी शिजते की डाव लावावा लागत नाही. आमच्याकडे वांग्याला वांग्याची चव असते. आमच्याकडे माणसं दार लावत नाहीत. या एकोणीस वर्षांत गृहस्थ गावी गेले मोजून चार वेळा, आणि चारही वेळा रजा संपायच्या आधी परतले. कारण तिथे डास फार आणि दुपारचा पंखा बंद. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. गावाची आठवण काढायला गावी जावं लागत नाही ही फार मोठी सोय असते, आणि तिचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला होता.

सगळ्यांत जास्त छळ होई तो दुपारच्या चहाला. पहिला घोट घेतला की आमच्याकडेकर कप खाली ठेवत आणि दाढ दुखल्यासारखा चेहरा करत.

"चहा वाईट नाही हो. पाणी वाईट आहे. नुसता औषधाचा वास! आमच्याकडे चौकातली विहीर आहे, ही खोल! तिच्या पाण्याचा चहा एकदा प्यालात, तर तुम्ही या चहानं पायसुद्धा धुणार नाही."

मागच्या आठवड्यात मात्र त्यांचे सहायक, जे एरवी दिवसाला चार शब्द बोलत, ते न राहवून म्हणाले, "साहेब, मग आणाच एकदा."

"आणतोच!" आमच्याकडेकर उसळले. "आणि तो चहा पिऊन तुमची तोंडं बंद झाली नाहीत, तर मी माझं बंद करीन. पुन्हा गावाचं नाव काढणार नाही!"

प्रमुख बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. एकोणीस वर्षांत एवढं मोठं आमिष कुणी दाखवलं नव्हतं. "सगळ्यांनी ऐकलंय बरं का," बाई म्हणाल्या.

आमच्याकडेकरांनी त्याच संध्याकाळी नमुन्यांचा एक रिकामा कॅन गुपचूप पिशवीत घातला, बसनं गावी धाकट्या भावाकडे पाठवला, आणि भावानं तो भरून सोमवारच्या पहिल्या बसनं परत पाठवला. कॅनाच्या मुठीला एक घडी घातलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. ती पार्सलची पावती असणार असं ठरवून साहेबांनी ती उघडलीही नाही.

आता इथे नमुन्यांचा नियम सांगायला हवा, कारण तो खुद्द आमच्याकडेकरांनीच केला होता. रोज सकाळी शहरातल्या बारा वॉर्डांच्या गाड्या एकेक कॅन पाणी आणून लांब टेबलावर ओळीनं ठेवत. प्रत्येक कॅनाला कुठल्या वॉर्डाचं पाणी याची चिठ्ठी असे. पाणी कुणाचं हे तपासणाऱ्याला कळलं तर तो पक्षपात करील, म्हणून झाडपूस करणाऱ्या मावशींनी त्या चिठ्ठ्या न वाचता काढायच्या, तारेला टोचायच्या आणि कॅनांना एक ते बारा अशी लेबलं लावायची. तंटा झाला तरच चिठ्ठ्या वाचायच्या. गाड्या वॉर्डांच्या क्रमानंच येत, त्यामुळे बाराव्या कॅनात बाराव्या वॉर्डाचं पाणी असतं हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं. पण नियम तो नियम. मावशींनी एकदा "हे कुणाचं?" असं साधं विचारलं, तेव्हा साहेबांनी तासभर व्याख्यान दिलं होतं आणि टेबलावर स्वतःच्या अक्षरातला कागद डकवला होता : 'या टेबलावर जे आहे तो नमुना आहे. चौकशी करू नये.'

त्या सोमवारी टेबलावर अकरा कॅन उभे होते. बाराव्या वॉर्डाचा ड्रायव्हर नेहमीप्रमाणे उशिरा येणार होता. आमच्याकडेकरांनी आपला कॅन अकराव्याच्या शेजारी एक मिनिटभर टेकवला, आणि खास या चहासाठी विकत आणलेले नवे कप धुवायला ते आत गेले. तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी कॅन मोजले. बारा. लेबलं बारा. चिठ्ठ्या काढल्या, तारेला टोचल्या, लेबलं लावली आणि त्या निघून गेल्या. मग ड्रायव्हर आला, त्यानं आपला कॅन ओळीच्या टोकाला ठेवला आणि तोही गेला.

साहेब कप पुसत बाहेर आले. टोकाला बिनलेबलाचा एक कॅन. दुसरा कुणाचा असणार? मुठीला खोचलेली पावती चुरगाळून त्यांनी टोपलीत टाकली आणि कॅन उचलला.

चहाच्या आधी त्यांनी एक ग्लासभर पाणी कच्चंच प्यायलं. डोळे मिटले. मोठा श्वास सोडला.

"बघा! औषधाचा वास आहे? नावाला नाही! हे पाणी नाही हो, हे माझं बालपण आहे!"

मग चहा झाला. सगळे गोल उभे राहिले. आमच्याकडेकरांच्या डोळ्यांत पहिल्याच घोटाला पाणी आलं, आणि ते खरं होतं. घसा दाटून आल्यामुळे त्यांना दोन मिनिटं बोलता येईना, याबद्दल सगळ्यांनी मनातल्या मनात त्या विहिरीचे आभार मानले.

"कसा आहे?" अखेर त्यांनी विचारलं.

"रोजच्यासारखाच लागतोय," सहायक म्हणाले.

"मलापण," बाई म्हणाल्या. "साखर जरा जास्त आहे."

"तुमच्या जिभाच मेल्यात!" आमच्याकडेकर गरजले. "इतकी वर्षं हे गटारपाणी पिऊन तुम्हाला अमृत कळेनासं झालंय. दोष तुमचा नाही, या शहराचा आहे!"

पैज कुणी जिंकली यावर मग दुपारभर वाद झाला. साहेबांच्या मते ते जिंकले होते, आणि समोरच्यांना जीभ नसणं हा त्याचा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उबपेटी उघडली. पाणी ज्या छोट्या बाटल्यांत घालून तिथे ठेवतात, त्या दिवसभरात काळ्या पडल्या तर पाणी दूषित समजायचं. अकरा बाटल्या स्वच्छ होत्या. बारावी शाईसारखी काळी होती.

"बारावा वॉर्ड," सहायक हळूच म्हणाले. "साहेब, हा तर तुमचाच."

दुसरा कुणी असता तर बायकोला फोन करायला धावला असता. आमच्याकडेकरांचा चेहरा उजळला. "एकोणीस वर्षं सांगतोय! एकोणीस वर्षं मी या नळाला नावं ठेवतोय, आणि तुम्ही मला हसता!" अहवालात नुसतं 'पिण्यास अयोग्य' लिहून भागलं असतं, पण हाती आलेली संधी ते सोडतात होय? शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी ठसठशीत लिहिलं : 'असे पाणी जनावरांनाही पाजू नये.' खाली झोकदार सही केली.

दुपारी बाराव्या वॉर्डाचं पाणी तोडलं. संध्याकाळी साहेब घरी पोचले तेव्हा चौथ्या मजल्याच्या जिन्यात बायको दोन बादल्या घेऊन उभी होती.

"अहो, कुणी मेल्यानं आपलं पाणी बंद करायला लावलंय म्हणे!"

"मेल्यानं काय म्हणतेस? त्यानं तुझा जीव वाचवलाय!"

"माझा जीव या जिन्यात चाललाय. ही तिसरी खेप. त्याला आधी बादली धरायला लावा आणि मग जीव वाचवू द्या."

साहेबांनी बादल्या घेतल्या आणि टँकरच्या रांगेत उभे राहिले. रांगेत गप्प बसावं की नाही? पण नाही. "आमच्याकडे असं कधी होत नाही," त्यांनी पुढच्या गृहस्थांना सांगितलं. "आमच्याकडच्या विहिरीला मी डोळे झाकून सही देईन." मग आपण कोण, कुठे काम करतो आणि तो शेरा कुणाचा, हेही ओघात सांगून टाकलं. रांग एकदम एकमतानं वळली. साहेब रिकाम्या बादल्या घेऊन घरी आले, तेही मागच्या गल्लीनं.

बुधवारी बाराव्या वॉर्डातून तीन वेगवेगळ्या नळांचं पाणी आणलं. गुरुवारी तिन्ही बाटल्या स्वच्छ निघाल्या. शुक्रवारी सकाळी वॉर्डातली पन्नास माणसं रिकाम्या घागरी घेऊन प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसली, आणि त्यांच्यात पहिल्या रांगेत साहेबांची बायको होती.

बाईंनी दार लावून घेतलं. "सोमवारची बाटली काळी का पडली? मावशी, सोमवारी काय झालं?"

"काही नाही बाई. बारा कॅन होते, बारा लेबलं लावली. मग पुसायला आले तर टेबलावर तेरावा दिसला."

"तेरावा? मग सांगितलं का नाहीस?"

मावशींनी टेबलावर डकवलेल्या कागदाकडे बोट केलं. चौकशी करू नये.

आमच्याकडेकरांच्या कपाळावर घाम आला. "बाई, आता चिठ्ठ्या कशाला उगाच..."

"तंटा झाला तर वाचायच्या, हा तुमचाच नियम ना?" बाईंनी तारेवरून सोमवारची गड्डी काढली. एक ते अकरा वॉर्डांच्या छापील चिठ्ठ्या निघाल्या. बारावी वहीच्या कागदाची होती. बाईंनी ती मोठ्यानं वाचली.

"दादा, तू मागितलंस म्हणून पाणी पाठवतोय. पण चुकूनही पिऊ नकोस. विहिरीत कबुतरं मरून पडतात, कुणी काढत नाही. आम्ही सगळे दोन वर्षांपासून नळाचंच पितो. चहा तर नळाच्याच पाण्याचा चांगला होतो. वहिनीला नमस्कार."

खोलीत कुणी हसलं नाही, आणि ते फार वाईट होतं. सहायक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हणजे सोमवारी आपण चहा प्यायलो तो..."

"बाराव्या वॉर्डाचा," बाई म्हणाल्या. "साहेबांचं बालपण त्यांच्या स्वतःच्या घरच्या नळाला येतंय."

आमच्याकडेकर खुर्चीत बसले. एकोणीस वर्षं जी विहीर त्यांनी जगाच्या डोक्यावर ओतली होती, ती एका कबुतरानं संपवली. क्षणभर बाईंनासुद्धा त्यांची दया आली. क्षणभरच. कारण लगेच ते म्हणाले, "तरीसुद्धा बाई, मूळ झरा चांगलाच आहे. कबुतरं काय, बाहेरून येतात."

बाराव्या वॉर्डाचं पाणी त्याच दुपारी सुरू झालं. पण सही केलेला अहवाल फाडता येत नाही, पाण्याचा पत्ता तेवढा दुरुस्त करता येतो. तसा तो केला आणि कागद रीतसर साहेबांच्या गावी गेला. चार दिवसांनी भावाचा फोन आला.

"दादा, विहिरीला जाळी बसवून कुलूप लावलं. जाळीवर तुझ्या सहीचा कागद चिकटवलाय. 'जनावरांनाही पाजू नये.' सगळा गाव वाचून जातोय. सही मात्र छान आलीय."

पाठोपाठ वरच्या कचेरीचा हुकूम आला. विहीर उपसून, साफ करून, पाणी पुन्हा योग्य होईपर्यंत देखरेखीला जाणकार माणूस हवा. बाईंनी त्यावर एकच नाव सुचवलं होतं.

"मी? तिकडे?" आमच्याकडेकर पांढरे पडले. "राहायला?"

"तुमच्याकडेच तर जायचंय," बाई म्हणाल्या. "तिथे माणसं दारसुद्धा लावत नाहीत ना?"

ते गेले. प्रयोगशाळेत दुपारचा चहा पहिल्यांदाच चहासारखा लागू लागला. तिसऱ्या आठवड्यात भावानं थेट बाईंना फोन केला, आणि त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"बाई, दादाला परत कधी नेताय? सकाळी चहाचा घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो. म्हणतो, 'आमच्याकडे शहरात पाणी कसं हलकं! आमच्याकडे चोवीस तास पंखा! आमच्याकडे बाराव्या वॉर्डाच्या पाण्यात डाळ अशी शिजते!' गावातली माणसं आता आमच्या घराकडे फिरकत नाहीत. आम्हीसुद्धा दार लावून बसतो. आणि हो, त्यानं निरोप दिलाय, येत्या बसनं तुमच्या नळाचा एक कॅन पाठवा म्हणून."

बाईंनी कपातला उरलेला चहा सावकाश संपवला. टेबलाशी सहायक आणि मावशी बोलत बसले होते. किती तरी वर्षांनी त्या खोलीत दुसऱ्या कुणाचा तरी आवाज ऐकू येत होता.

"कॅन आजच पाठवते," बाई म्हणाल्या. "पण दादांचं काही सांगता येत नाही हो. विहीर फार खोल आहे असं तेच म्हणायचे."