गोमाकाकांचं पहिलं पाणी

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला जेवण जाणार नाही. हाताला अजून माती आहे, सायबर कॅफेवाला कीबोर्डकडे बघून तोंड वाकडं करतोय. करू दे.

आमचे घरमालक गोमाकाका. हा माणूस कुठेही गेला की खिशातून किल्ली काढतो आणि पाण्याचा पाइप खरवडतो. अंबाडीला एका लग्नात सगळे पंगतीत बसलेत आणि हे मंडपामागे खरवडतायत. नवरीच्या मामाला वाटलं, नळ चोरायला आलाय. त्याने कॉलर धरली तर काका शांतपणे म्हणाले, "लोखंडी हाय. जेवा बिनघोर."

हे वेड लागलं ते आमच्या भिवंडीच्या चाळीचा नळ गळायला लागला तेव्हा. प्लंबरने जमिनीतला पाइप जरा उघडा केला आणि सांगितलं, हा तर शिशाचा आहे. काकांच्या वडिलांनी हौसेने घातलेला. किल्लीने खरवडला की आतून चांदीसारखा चकाकतो, एवढा मऊ की नखाचाही ओरखडा उठतो. काका लगेच दवाखान्यात जाऊन विचारून आले. डॉक्टर म्हणाले, शिसं पाण्यात उतरतं. लहान पोरांना आणि पोटुशी बाईला तर फारच वाईट.

त्या दिवसापासून पहाटेचं पाणी म्हणजे युद्ध. आमच्याकडे पाणी थोडाच वेळ येतं. हंड्यांची लाइन लागलेली, आणि काका नळावर हात ठेवून उभे. "पयलं पानी पायपाचं." रात्रभर पाइपात साचलेलं पाणी बादल्यांत काढायचे आणि त्याने मोऱ्या धुवायचे. लाइनीतला प्रत्येक जण आतून पेटलेला. नाइट शिफ्ट करून आलेला सलीमभाई एकदा बोललाच, "सेठ, पहले हमको पिलाओ, पाइप को बाद में."

आई म्हणायची, आम्ही उकळून पितो, तुम्ही कशाला काळजी करता? त्यावर काकांचं ठरलेलं, "उकळून शिसं जात न्हाय, वहिनी. पानी आटतं, शिसं तिथंच ऱ्हातं."

मग पाइप बदला ना! तिथेच तर गोची. पाइप जातो आमच्या ओट्याखालून, आणि त्यावर बरोबर आईचं तुळशीवृंदावन. काका चार दिवसांआड यायचे, चहा प्यायचे, आणि जाताना हळूच, "वहिनी, तुळस जरा सरकवली तर?" आईला पक्कं ठाऊक, घरमालकाने एकदा ओटा फोडला की तिथे गाळा उभा राहतो. पाइपबिइप सगळी नाटकं. ती म्हणायची, माझी तुळस हलणार नाही.

त्यात रंजूताईचं झालं. काकांची एकुलती एक लेक, दिघाशीला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरीच. आठवा लागत आला तरी काका तिला आणेनात. सासरी सांगितलं, घराचं काम काढलंय. इथे एक वीट हललेली नाही! काकींनी अबोला धरला. ताट आपटून वाढायच्या. चाळीत तर कोण काय बोलेल नेम नाही. लेकीच्या बाळंतपणाचा खर्च नको, म्हणून म्हातारा नाटकं करतोय म्हणे.

काल पहाटे काका पहिलं पाणी सोडत होते आणि पाणी गेलं. मागे आख्ख्या लाइनीचे हंडे रिकामे.  मग आईने हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "स्वतःच्या पोरीला माहेर नाय देत, आम्हाला काय पाणी देणार हा माणूस."

मला वाटलं, आता आमची खोली गेली.

काकांनी किल्ली खिशात टाकली. मग अगदी हळू म्हणाले, "कशी आनू? पयलं पानी सोडलं तर शिसं कमी व्हतं, पन जात न्हाय. तिकडं सासरी इहीर हाय. हितं आनून पोरीला ह्ये पाजू?"

दारात काकी उभ्या होत्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं. माहेरच्या पाण्यावरून लेकीला सासरी बोलणी बसू नयेत म्हणून हा माणूस घरातसुद्धा गप्प होता.

आई घरात गेली. मला हाक मारली. आम्ही दोघांनी तुळस मुळासकट उचलून तेलाच्या डब्यात लावली. डबा आईने स्वतः नेऊन काकांच्या दारात ठेवला. म्हणाली, "मोडली तर बघा."

लगेच दिवसभर खणलं. सलीमभाई झोप सोडून कुदळ घेऊन आला. जुना पाइप निघाला, नवा बसला, आज पहाटे पाणी आलं. सगळे हंडे घेऊन धावले, आणि काकांनी सवयीने नळावर हात ठेवला. "पयलं पानी पायपाचं." या वेळी लाइन हसली.

मग खड्डा बुजवून मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पीसीओत गेलो. दिघाशीचा नंबर लागला. पलीकडून रंजूताई हॅलो हॅलो करतेय आणि काका नुसता रिसीव्हर धरून उभे. शेवटी म्हणाले, "रंजे, पानी आलंय गं." बस. रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

दुपारी काकी काकांचं ताट घेऊन आल्या. ते आपटलं नाही.

तुमच्याकडे आहे का असा कोणी, ज्याला सगळी चाळ वेडा म्हणते? झालंय का तुमचं असं? लिहा ना खाली.