बापूरावचं पाव्हणं

बापूरावचं बोलणं दोन बांध ओलांडून ऐकू जातं. साखर कारखान्यात बॉयलरपाशी जन्म गेला, कान निम्मे गेले आणि बोलायचं म्हणजे हाळीच द्यायची, अशी सवय लागली. आमच्या शेळगावात त्यानं कुणाला ‘च्या घ्या’ म्हटलं, की पारावर बसलेली माणसंसुद्धा उठायची. असा हा माणूस माशांशी मात्र कुजबुजत बोलायचा.

नोकरी सुटल्यावर त्यानं बारामतीहून काचेची पेटी आणली. त्यात लाल शेपटीचे, बोटाच्या पेराएवढे मासे आणि काठावरून पाण्यात मुळं सोडलेला मनीप्लँट. त्या वेलानं पुढं सगळं घर धरलं. खुंटीवरून घड्याळावर, घड्याळावरून विजेच्या वायरीवर, तिथनं थेट न्हाणीत. ना फूल, ना फळ, ना जनावराला वैरण. चारी बाजूला ऊस उभा असताना घरात पाला कशाला वाढवायचा, हे मला अजून कळत नाही. मला मासा माहीत तो कालवणातला.

एकदा वेलानं भिंतीवरचं कॅलेंडर झाकलं. मी म्हणालो, “छाटा की.”

“झाकू द्या तात्या. मला कुठं जायाचंय तारीख बघून?”

त्याच्या घरात शिरायचं तर चपला लांब काढायच्या. खोकायचं नाही. “दमानं! पाव्हणं घाबरत्यात!” हे तोच एवढ्या मोठ्यानं सांगायचा की पाव्हणं मुळांत दडी मारायचं. आमची मंडळी त्याला म्हणायची, “भावजी, वेल तुमच्या घरात न्हाय, तुमीच वेलाच्या घरात ऱ्हाताय.” एरवी तिचं बोलणं त्याला लागायचं नाही. माझं लागायचं.

जेवायला तो पेटीसमोरच बसायचा. आधी पाण्यावर चिमूटभर खाणं टाकायचा, मग आपला घास. “मासा एकटा जेवत न्हाय, तात्या. समोर कुणीतरी तोंड हलवाय लागतं.”

“मग तोंड हलवायला बायकू करायची हुती,” मी म्हणालो. मला असंच बोलता येतं. तो वरवर हसला. लग्न त्याचं जमलंच नाही. मुलगी बघायला गेला, तिथं तिचं नाव असं ओरडून विचारलं की पोरगी उठून आत गेली ती बाहेर आलीच नाही.

एकदा इंदापूरला गेला असताना त्यानं उजनी धरणाच्या पाण्यातलं चिलापी माशाचं पिल्लू किटलीत घालून आणलं. “बारामतीचं इकत आणल्यालं. ह्यो आपल्या पाण्यातला!” म्हणत त्यानं ते पेटीत सोडलं. चिलापी अंग धरू लागली आणि रंगीत मासे कमी दिसू लागले.

“मुळांत लपल्यात. लाजाळू हायत,” बापूराव म्हणायचा.

“बापूराव, लाजाळू सगळं पोटात गेल्यात.”

शेवटी एकच लाल शेपटी उरली. आमची मंडळी म्हणाली, “भावजी, आणा ती चिलापी, कालवण करते.” ह्या वेळी तिचंही बोलणं लागलं; बापूराव आठवडाभर आमच्या दारात आला नाही. चिलापी बादलीत घालून यष्टीनं परत उजनीला सोडून आला. कंडक्टरनं थट्टेनं विचारलं, “ह्याचं अर्धं काढू का?” तर हा म्हणतो, “काढा की!”

पुढं माघात आमची मंडळी गेली. दिवसकार्य झालं, लेकी सासरी गेल्या. मी चूल बंद केली. कुणासाठी पेटवायची? दुपारी च्या, सांजच्याला पाणी. असंच वाळून जावं, एवढंच मनात होतं.

एका दुपारी बापूराव आला. एका हातात लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात तो उरलेला मासा आणि वेलाची एक काडी. दुसऱ्या हातात पिठल्याचं भगुलं, वर भाकरी. बरणी त्यानं माझ्यापुढं ठेवली. आता ओरडणार म्हणून मी कानाकडं हात नेले. तर तो माशांशी बोलायचा तसा हळू बोलला.

“तात्या, ह्यो सकाळधरनं उपाशी हाय. तुमी घास घेतल्याबिगर खायाचा न्हाय.”

“थोतांड हाय सगळं.”

“व्हय,” तो तसाच हळू म्हणाला. “थोतांडच हाय. पर घास घ्या.”

घेतला. पिठलं खारट होतं, मी तसं सांगितलंही. बापूरावनं बरणीत चिमूटभर खाणं टाकलं; मासा वर आला, त्यानंही खाल्लं. दुसऱ्या दिवसापासून मी चूल पेटवू लागलो. मुक्या जिवाला माझ्यापायी उपाशी ठेवणं बरं दिसेना.

मग भगुलं परत द्यायला गेलो, ते नेमका जेवायच्या वक्ताला. सवयीनं चपला लांब काढल्या. बापूराव दाराकडं पाठ करून पेटीसमोर बसला होता. पेटीत नुसती मुळं लोंबत होती. त्यानं पाण्यावर चिमूटभर खाणं टाकलं, जरा थांबला, मग आपला घास घेतला. खाणं तसंच तरंगत राहिलं.

मला खोकला आला होता. दाबला.

भगुलं उंबऱ्यावर ठेवून घरी आलो. बरणी घेतली, माझं ताट घेतलं आणि परत गेलो. बरणी पेटीला चिकटून ठेवली.

“तात्या! भाकरी करपली वाटतं!” बापूराव माझ्या ताटात डोकावून ओरडला. मासा घाबरून बरणीतल्या काडीआड गेला.

“दमानं,” मी म्हणालो. “पाव्हणं घाबरत्यात.”

 मग आपलं ताट बाजूला ओढून त्यानं मला जागा करून दिली.