तावडेकाकांची पोर्तुगीज लढाई

"कोपर उचल! ऐंशी माणसं मारलीस!"

मी फक्त चहाचा कप घ्यायला वाकलो होतो. पण तावडेकाकांच्या जेवणाच्या टेबलावर एक सैनिक म्हणजे चाळीस माणसं, आणि माझ्या कोपराखाली दोघं चिरडले होते.

तावडेकाका आमच्या नाहूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. त्यांनी शाडूच्या मातीचं अख्खं सैन्य घडवलंय. हात घरच्या गणपतीची मूर्ती आणि तिचा उंदीर घडवून बसलेला, त्यामुळे घोडे उंदरासारखे दिसतात. मी हे एकदा बोललो. "तोंड बघू नको, वेग बघ," काका म्हणाले. "एका चालीत बारा इंच."

लढाई आल्जुबारोटाची. सहाशे वर्षांपूर्वी पोर्तुगालच्या मूठभर सैन्याने उंचवट्यावर पाय रोवून कॅस्टीलच्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका राजाच्या, अवाढव्य फौजेची वाट लावली. आमच्याकडे ती दर रविवारी, सकाळी दहाला. मी एकदा लिफ्टमध्ये "इंटरेस्टिंग आहे हं" म्हणालो, एवढीच माझी चूक. तेव्हापासून मी कॅस्टीलचा राजा. निघताना बायको म्हणते, "महाराज, येताना कोथिंबीर आणा."

फासे टाकायचे, टेपने अंतर मोजायचं, अडलं की काकांची वही उघडायची. "नियम म्हणजे नियम" हे त्यांचं पालुपद. एकदा मला शिंक आली, तर त्याने बाणांची दिशा बदलते का, यावर अर्धा तास खल झाला. अशाने दुपारपर्यंत जेमतेम चार चाली व्हायच्या.

आणि हाच माणूस एका बाबतीत धडधडीत नियम मोडायचा! माझ्या फौजेत निळ्या झेंड्याचा एक स्वार होता. तो कितीही पुढे सरकला तरी काकांचे तिरंदाज त्याच्या वाटेला जायचे नाहीत. एका रविवारी मी वैतागून तो थेट त्यांच्या सेनापतीच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"मारा ना, काका!"

"नाही मारत."

"मग हराल."

"हरतो."

माझा पारा चढला. "चार महिन्यांचे रविवार घालवले मी! शिंकेला नियम आणि याला नाही?"

काका टेप गुंडाळत बसले. मग खाली बघूनच म्हणाले, "तो पोर्तुगालच्या सेनापतीचा भाऊ आहे रे. समोरच्या बाजूने लढला. तिथेच मेला."

मी तो स्वार उचलून परत माझ्या बाजूला ठेवला.

"आमचा सुधा, माझा भाऊ, दहिसरला असतो. अकरा वर्षं बोलणं नाही. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून झालं. मीच जास्त बोललो."

"मग फोन करा ना."

"नाही उचलला तर?"

मला काय सुचलं कोण जाणे. "शर्ट बदला," म्हटलं, "मी गाडी काढतो."

एरवी तासभर तटबंदीवर बोलणारा माणूस दहिसरपर्यंत हातातला टेप गुंडाळत-उलगडत बसला. लिफ्टमध्ये तेवढं म्हणाला, "बोलायचं काय ते ठरवलंय मी."

दार सुधाकरकाकांनीच उघडलं. बनियनवर होते, खूप वाळलेले.

"शशी?" सुधाकरकाका म्हणाले आणि त्यांच्या तोंडात काहीतरी खटकन हललं.

तावडेकाकांचा जन्म कवळ्या बनवण्यात गेलेला. ठरवलेलं सगळं विसरून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "कवळी सैल आहे तुझी."

"जेवताना टोचते."

"कुठल्या गाढवाने बनवली?"

"तू नव्हतास ना," सुधाकरकाका म्हणाले.

काकांनी चपला काढल्या, आत जाऊन बेसिनवर हात धुतले. "ये इकडे, उजेडात बस. आ कर."

सत्तरीचा तो माणूस निमूट खिडकीपाशी बसला, डोळे मिटले, आ केला. काकांनी एका हाताने त्याची हनुवटी धरली. आत बघायचं काम मिनिटभराचंही नसेल. पण ते हनुवटी सोडेचनात.