वाकडा पाइप

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा: बेसिनखालून दोन पाय बाहेर आले आहेत, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलाय आणि आतून कोणीतरी आनंदाने ओरडतंय, "सापडला! चोर सापडला!"

ते पाय भिंगरीच्या बाबांचे. भिंगरी त्यांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला याच नावाने हाक मारत. आज मात्र ती सकाळपासून कपड्यांची पिशवी घेऊन दाराशी बसली होती. दुपारी आत्या येणार होती आणि सुट्टीभर तिला आपल्या घरी, समुद्रावर, नेणार होती. भिंगरीने समुद्र अजून चित्रातच पाहिला होता. धास्ती एकच होती, आत्याच्या नाकाची. मागे एकदा शेजारी दूध करपलं, तर आत्या चहाही न घेता आल्या पावली परतली होती.

"कसला चोर?" आईने विचारलं.

"अगं, बेसिन का तुंबतं ते कळलं! हा पाइप बघ. खाली जातो आणि परत वर चढतो! पाण्याला कोणी डोंगर चढायला लावतं का? बसवणाऱ्याकडे सरळ पाइप नसणार. वाकडा होता तोच दिला ठोकून."

"अहो, नळवाल्याला बोलवा ना."

"त्याचीच तर चूक निस्तरतोय मी!"

वाकड्या पाइपातून केसांचा गुंता आणि टूथपेस्टचं झाकण निघालं. तो पुरावा बाबांनी घरभर मिरवला, वाकडा पाइप बादलीत टाकला आणि दुकानातून आणलेला सरळ पाइप बसवला. पाणी सुर्रकन गेलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी आईला आणि भिंगरीला कारण नसताना दोनदोनदा हात धुवायला लावले.

थोड्या वेळाने आई थबकली. "काहीतरी मेलंय."

"काहीही काय!" असं म्हणताना बाबांनीच नाक मुरडलं.

फ्रिज ओढला, कपाट सरकवलं. उंदीर काही मिळाला नाही. मग आईची नजर बाबांच्या मोज्यांवर गेली.

"माझ्या मोज्यांवर उगाच आळ घेऊ नकोस!"

मोजे बाल्कनीत हद्दपार झाले. वास जिथल्या तिथेच.

"मोरीत लिंबाची सालं टाकायची आणि वरून उकळतं पाणी ओतायचं," बाबा म्हणाले. "कोणालाही विचार." सालं गेली, पाणी गेलं, वासाला मात्र लिंबाची चव आली. शेवटी बाबांनी अत्तराची बाटली निम्मी रिकामी केली.

"आता उंदीर नटूनथटून मेल्यासारखा वाटतोय," आई म्हणाली.

"आई गं, आत्या दारातूनच पळणार!" भिंगरी रडकुंडीला आली. मोठ्यांची नाकं वरवर हुंगत होती. तिचं नाक मात्र नेमकं बेसिनच्या उंचीवर होतं. तिने बेसिनच्या भोकावर तळहात दाबला. वास थांबला. हात काढला. आला!

ती बादलीकडे धावली. वाकडा पाइप तिने धुतला आणि एका तोंडातून फुंकर मारली. हवा आरपार गेली. मग वळणात थोडं पाणी घालून हळूच फुंकलं. या वेळी हवा पलीकडे गेलीच नाही, नुसतं पाणी डचमळलं.

"बाबा, पाणी चढत नाहीये हो! थोडं पाणी इथे वळणात बसून राहतं आणि खालच्या गटाराच्या वासाला वर येऊ देत नाही. तुम्ही पहारेकऱ्यालाच घरी पाठवलंत!"

बाबांनी पाइप हातात घेतला, आत डोकावले, खाकरले. "मला शंका आलीच होती," ते म्हणाले आणि पुन्हा बेसिनखाली शिरले.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात आत्या उभी. दोन्ही हातांत मोठाल्या बॅगा आणि काखेत उशी. तिने आत पाऊल टाकलं आणि नाक फेंदारलं. भिंगरीने डोळे गच्च मिटले.

"अगं बाई!" आत्या किंचाळली. "इथेही तोच वास?" ती मटकन खुर्चीत बसली. "वहिनी, मी इथे राहायला आले होते हो! मागच्या सुट्टीत दादा माझं बेसिन दुरुस्त करून गेला, तेव्हापासून घरात बसवत नाही. आधी वाटलं, समुद्राचाच वास असेल. पण खिडक्या लावल्या की जास्तच येतो! भिंगरे, समुद्राचं आता पुढच्या वर्षी बघू हं."

बेसिनखालचे पाय एकदम स्थिर झाले.

आई त्या पायांकडे वळली. "अहो, त्यांचा पाइप कसा होता?"

"वाकडाच," बेसिनखालून बारीक आवाज आला. "ज्याने बसवला होता ना, त्याच्याकडे..."

"आणि तो आता कुठे आहे?"

"आणलाय. चांगला होता, टाकवेना."

भिंगरीने बाबांची हत्यारांची पेटी उपडी केली. तळाशी आत्याच्या बेसिनचा वाकडा पाइप निघाला. तिने तो धुतला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत आपल्या फ्रॉकांच्या मधोमध ठेवला.

"आत्या, चल. समुद्र याच वर्षी बघायचाय."

बाबा शेवटचा आटा आवळून बाहेर आले आणि हात धुवायला वळले. पाना त्यांनी खाली ठेवला होता. भिंगरीने तो गुपचूप उचलून पिशवीत टाकला. आत्याकडे पाइप बसवायला तो लागणारच होता. शिवाय ती परत येईपर्यंत घरात कोणी काही दुरुस्त करायला नको होतं.