म्हात्रे सरांचा सुपरवायझर

'कसे आहात?' असं विचारलं की माणसं 'बरा आहे' म्हणतात. आमचे शेजारी म्हात्रे सर पेशीपासून सुरुवात करतात. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आता निवृत्त झालेत, पण वर्ग काही सुटलेला नाही. विद्यार्थी तेवढे पळून जातात.

"पेशी म्हणजे आपल्या पूर्णा गावातलं गोडाऊन," सर सांगतात. "केंद्रक म्हणजे मालकाची केबिन. केबिनबाहेर बसलेला सुपरवायझर, तो रिसेप्टर. स्टेरॉइड हातात पडलं की हा उठतो, थेट केबिनमध्ये शिरतो नि सांगतो, सूज आणणारी शिफ्ट बंद करा."

एकदा धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात त्यांनी हे सुरू केलं. पुढचा ट्रॅफिक सुटला, मागचे हॉर्न वाजवून दमले, आणि रिक्षावाला मागे वळून विचारतोय, "फिर सेठ क्या बोला, सर?" तो जाम पार कशेळीच्या खाडीपुलापर्यंत पोचला होता, असं मी सगळ्यांना सांगतो. अजून कोणी खोटं ठरवलेलं नाही.

हा अभ्यास सुरू झाला तो सरांच्या बायकोमुळे, आमच्या काकूंमुळे. त्यांना संधिवात. सांध्यांतली ती सुजेची शिफ्ट रात्रंदिवस चालू. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी बोटं वळायला लागली, पण चेहरा गोल झाला. त्यात भाचीची हळद ठरली. आमच्याकडे हळदीला अख्खा गाव लोटतो, आणि गावापेक्षा फोटो जास्त.

काकूंनी गोळी बंद केली. मधली भिंत पातळ, त्यामुळे माझा नाइलाज. सगळं ऐकू आलं.

"अगं, ही अशी एकदम तोडायची नसते, जिवावर बेतेल. डॉक्टर हळूहळू उतरवतील. तो सुपरवायझर..."

"तुमचा सुपरवायझर ठेवा गोडावनात. मना फोटूत भोपला दिसाचा न्हाय."

सरांचं वाक्य अर्धं राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांचा हळू आवाज आला, "आणि फोटोत तू एकटीच तशी दिसली नाहीस तर?"

हळदीच्या मांडवात दोघं शेजारी शेजारी उभी होती. सरांचे दोन्ही गाल टम्म फुगलेले, डोळे खोबणीतून निघायच्या बेतात. फोटोग्राफर वैतागला, "काका, गाल सोडा ना." सर ढिम्म. कॅमेरा वळेल तिकडे गाल तयार. पेशीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पाहुण्यांना वाटलं, दाढ दुखत असेल.

काकूंनी पदर तोंडावर घेऊन कोपराने ढोसलं. "सोडा आता. घेतली ना मी गोली."

सरांनी फुगलेल्या गालांनीच नकारार्थी मान हलवली. अजून भाचीच्या सासरच्या मंडळींबरोबरचा फोटो बाकी होता.