मारोतरावांची फरशी

कोणाच्याही घरात शिरताना मारोतराव आधी काठी वर करून छत ठोकतात. आमच्या वास्तुपूजेला त्यांनी ठोकलं, तेव्हा प्लॅस्टरचा पापुद्रा थेट शिऱ्याच्या पातेल्यात पडला. त्यांनी माफी मागितली नाही. “बद्द वाजून राह्यलं होतं,” एवढंच म्हणाले आणि शिरा मागितला.

राजूरच्या कोळसा खाणीत त्यांची एकतीस वर्षं जमिनीखाली गेली. शिफ्ट सुरू होण्याआधी छत ठोकून पाहणं, हे त्यांचं काम. खणखणीत वाजलं तर माणसं पुढे जात. आतून पोकळ, बद्द वाजलं तर मागे फिरत. निवृत्तीनंतर खाण सुटली, सवय सुटली नाही. जावयाचं नवं कपाटही त्यांनी पाहुण्यांसमोर ठोकून नापास केलं. जावई तेव्हापासून कमी येतो.

गेल्या वर्षी त्यांच्या पत्नीला, शेवंताकाकूंना, लकवा मारला. काकू आतल्या खोलीत पडून असत. त्यांचं मागणं एकच होतं: अंगणात कडुलिंबापाशी उन्हात बसायचं. पण अंगण खडबडीत, खुर्ची डुगडुगायची. मारोतरावांनी फरशी आणली. मिस्त्री नको म्हणाले. मुरूम टाकला, धुम्मस मारून दाबला, वर रेती पसरली, पाण्याला उतार ठेवला आणि एकेक फरशी बसवून काठीनं ठोकली. आठव्या दिवशी त्यांनीच निम्मं अंगण उखडलं. एका कोपऱ्यात बद्द वाजत होतं.

असं तीनदा झालं. शेवटी मी विचारलं, फरशी पोकळ वाजली म्हणून कोणी मरतं का? त्यांनी पुढची फरशी उचलली. उत्तर आतून काकूंनी दिलं, जड जिभेनं, तुकड्यातुकड्यांत. खाणीत एकदा घाईघाईत त्यांनी छत एकदाच ठोकलं होतं. आवाज बरा वाटला. जोडीदाराला पुढे जा म्हणाले. तो परत आला नाही.

एवढं सांगून काकू नवऱ्याला म्हणाल्या, “फरशी हालली त हालली. मले उन्हात बसू द्या.”

“आठ दिवस थांब,” मारोतराव म्हणाले.

काकू सहाव्या दिवशी गेल्या.

अंघोळ घालायला त्यांना उचलून आम्ही चौघं दारात आलो, तेव्हा मारोतराव अंगणात उकिडवे बसून फरशा ठोकत होते. कडुलिंबापाशी ऊन आलं होतं. मागून कोणीतरी आटपा म्हणालं. ते ठोकतच राहिले. काठाची एक फरशी बद्द वाजली. त्यांनी पुन्हा ठोकली. पुन्हा बद्द. आता हे ती उखडायला बसणार, असं मला वाटलं. हातांना रग लागली होती.

ते उठले. काठी झाडाला टेकवली आणि त्या फरशीवर जाऊन उभे राहिले.

“ठेवा तिले उन्हात,” म्हणाले. “इथं मी उभा राह्यतो.”