शिडीचा खटला

माजी पंतप्रधान स्वयंपाकघरात शिडीवर उभे राहून दिवा बदलत होते आणि त्यांच्या पत्नी खाली शिडी धरून उभ्या होत्या. दिवा चांगला चालू होता. पण निवडणूक हरल्यापासून घरातली कुठलीही गोष्ट सुरळीत चाललेली दिसली की माजी पंतप्रधानांना चैन पडत नसे. मागच्या आठवड्यात त्यांनी नळ दुरुस्त केला होता, तेव्हापासून तो बंद होत नव्हता. त्याआधी फ्रिजमध्ये खातेवाटप केलं होतं. त्यात दुधाला तळाचा कप्पा मिळाला आणि दूध नासलं.

त्यांच्या पत्नीला सगळे 'बाई' म्हणत. त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. नवरा पंतप्रधान झाला तेव्हाही त्यांनी शाळा सोडली नव्हती. वर्गात मुलांनी दंगा केला की इतर शिक्षक "या देशाचं कसं होणार" म्हणून कपाळाला हात लावत. बाईंना तशी सोय नव्हती. त्यांना घरी जाऊन ते विचारावं लागे.

शिडी धरता धरता बाईंची नजर खालच्या पायरीच्या आतल्या बाजूला गेली. तिथे पांढऱ्या रंगात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. त्यांनी वाकून वाचलं.

"अहो, ही शिडी आपली नाही."

"मग कुणाची?"

"देशाची. 'सरकारी मालमत्ता, पंतप्रधान निवास' असं लिहिलंय."

वर जुना दिवा काढून झाला. मग माजी पंतप्रधान म्हणाले, "एवढा दिवा बसवतो, मग बोलू."

"आधी उतरा."

"अगं, तीन वर्षं वापरतोय आपण ही शिडी."

"तीन वर्षं चुकीचं उत्तर लिहिलं म्हणून ते बरोबर होत नाही."

माजी पंतप्रधान उतरले. जुना दिवा त्यांच्या हातात होता आणि नवा अजून खोक्यात होता, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं अंधारात झालं. त्या बोलण्याचा सारांश एवढाच, की शिडी परत करायची.

बाईंनी पंतप्रधान निवासाच्या भांडारपालाला फोन लावला. हा गृहस्थ जुना, ओळखीचा होता.

"बाई, आमची शिडी हरवलेलीच नाही," तो म्हणाला.

"अहो, ती माझ्यासमोर उभी आहे."

"असेल. पण आमच्या हिशेबी ती इथे आहे. आता तुमची आली की दोन होतील. दुसरी कुठून आली म्हणून माझी चौकशी लागेल. सरकारात वस्तू हरवली तर काय करायचं ते ठरलेलं आहे. परत आली तर काय करायचं, ते कुणी ठरवलेलंच नाही."

"मग मी काय करू?"

"वापरा की. एवढे देशाचे पंतप्रधान होते साहेब, एका शिडीचं काय घेऊन बसलात?"

या शेवटच्या वाक्याने बाईंचा निश्चय पक्का झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेम्पो ठरवला, शिडी त्यात आडवी घातली आणि स्वतः चालकाशेजारी बसून त्या पंतप्रधान निवासावर गेल्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने शिडीकडे बघितलं, मग बाईंकडे. "ही आत नेता येणार नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"बरं, मग इथे ठेवते."

"इथेही ठेवता येणार नाही. तोही सुरक्षेचाच प्रश्न आहे."

"भांडारपालांना तरी बोलवा."

"माझी जागा सोडून मला जाता येत नाही."

टेम्पोवाल्याला पुढचं भाडं होतं, तो शिडी उतरवून निघून गेला. आता एवढी शिडी हातात धरून किती वेळ उभं राहणार? बाईंनी ती शिडी जशी ठेवतात तशी ठेवली, म्हणजे भिंतीला टेकवून. तेवढ्यात आतल्या अंगणातून भांडारपालाच्या खाकरण्याचा आवाज आला. ते खाकरणं बाईंच्या चांगलं ओळखीचं होतं. पदर खोचून त्या पटकन चार पायऱ्या चढल्या आणि भिंतीवरून डोकावून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

समोरच्या पदपथावर वर्तमानपत्रांचे सहा-सात छायाचित्रकार कुणा परदेशी पाहुण्याची वाट बघत कंटाळून बसले होते. त्यांचा कंटाळा गेला.

संध्याकाळपर्यंत तो फोटो देशभर झाला. एका वाहिनीने खाली लिहिलं, 'सत्तेसाठी भिंतीवर'. दुसरीने लिहिलं, 'माजी पंतप्रधानांच्या पत्नीचा घुसण्याचा प्रयत्न?' तिसऱ्या वाहिनीच्या वार्ताहराने मात्र शिडी जवळून बघितली, तिच्यावरची अक्षरं वाचली आणि विचारलं, सरकारी शिडी या कुटुंबाकडे आली कशी?

दुसऱ्या दिवशी विद्यमान पंतप्रधानांनी गृहमंत्री आणि कायदामंत्री या दोघांना बोलावून घेतलं. पंतप्रधान तरुण होते. गृहमंत्री उत्साही होते. कायदामंत्री म्हातारे होते आणि बैठकीत डोळे मिटून बसत.

"आयती संधी आहे," गृहमंत्री म्हणाले. "सरकारी मालमत्तेचा अपहार. खटला भरला की माणूस संपला."

"तो संपलेलाच आहे," कायदामंत्री डोळे न उघडता म्हणाले. "मागे एका लग्नात माझ्या शेजारी बसला होता. लोक त्याला मुलीचा मामा समजून अक्षता कुठे ठेवल्यात विचारत होते. अशा माणसाला मुद्दाम उचलून पहिल्या पानावर का बसवायचं?"

"कायद्यापुढे सगळे सारखे असतात," पंतप्रधान म्हणाले.

"असतातच. म्हणून तर विचारतो, शिडीसाठी आणखी कुणावर खटला भरला असतात?"

"आणि नाही भरला तर?" गृहमंत्री म्हणाले. "लोक म्हणतील, ही मोठी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात."

"भरला तर म्हणतील, सूड उगवतात. भरायचाच असेल तर एखाद्या मोठ्या प्रकरणावर भरा. मी स्वतः कोट चढवून उभा राहतो."

"मोठ्या प्रकरणांत आपलीही माणसं आहेत."

तिघेही थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

"म्हणून शिडी," गृहमंत्री म्हणाले.

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन आला तेव्हा माजी पंतप्रधान नळाशी झटापट करत होते. त्यांनी ओले हात पुसून कागद घेतला, वाचला, चष्मा लावून पुन्हा वाचला. मग त्या माणसाला आग्रहाने बसवून घेतलं, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली आणि दारापर्यंत पोचवायला गेले.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी परत करायला गेले आणि तुमच्यावर चोरीचा आळ आला."

"रडतेस कशाला? अगं, 'सरकार विरुद्ध' आणि पुढे माझं नाव आहे. अख्खं सरकार एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला." त्यांनी कपाटातून कोट काढला, झटकला आणि अंगात घालून बघितला. "सैल झालाय का गं?"

त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. बाहेरच्या खोलीत सकाळपासून वकील येऊन बसू लागले. निवडणुकीनंतर रस्त्यात दिसले तरी फूटपाथ बदलणारे जुने कार्यकर्ते आता चपला काढायला जागा नाही म्हणून जिन्यात थांबू लागले. माजी पंतप्रधानांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायला फुरसत उरली नाही. प्लंबरने येऊन नळ बंद केला. दूध टिकू लागलं. बाईंना घर इतकं शांत कधी लाभलं नव्हतं, आणि त्या शांततेचं सुख वाटतं याची लाजही वाटत होती.

पहिल्या तारखेला कोर्टाबाहेर थोडी माणसं होती. दुसऱ्या तारखेला रस्ता बंद करावा लागला. लोक घरातल्या शिड्या खांद्यावर घेऊन येऊ लागले आणि पोलिसांना सांगू लागले, "आमच्याकडेही आहे, आम्हालाही धरा." रंगाऱ्यांची पंचाईत झाली, कारण कामावर निघालेल्या माणसालाही लोक मोर्चेकरी समजून हार घालत. ज्याला लोक मुलीचा मामा समजत होते, त्याची लोकप्रियता पंतप्रधानांच्या पुढे गेली.

"संपवा हे," पंतप्रधान गृहमंत्र्यांना म्हणाले. "काहीही करा, पण खटला हरा."

म्हणून पुढच्या तारखेला सरकारी वकील उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "आरोपीचा हेतू वाईट होता असं सरकारला आता वाटत नाही."

बचावाचे वकील ताडकन उठले. "माझी हरकत आहे. माझ्या अशिलाच्या हेतूबद्दल सरकारने परस्पर चांगलं बोलू नये."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे चोरी झाली असं तुमचं म्हणणं आहे?"

"ते सिद्ध करायची सरकारला पुरेपूर संधी मिळावी, एवढंच म्हणणं आहे. निवडणुकीपर्यंत वेळ लागला तरी आमची तक्रार नाही."

न्यायाधीशांनी दोघांनाही खाली बसवलं आणि साक्षीदार म्हणून बाईंना बोलावलं. बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"शिडी मी आणली. बंगला सोडायच्या दिवशी नुसती धावपळ होती. नव्या लोकांचं सामान दारात येऊन थांबलं होतं. हमालाने विचारलं, ही शिडी घ्यायची का. मी न बघताच घ्या म्हणाले. यांचा त्यात काही संबंध नाही."

माजी पंतप्रधान उभे राहिले. खटला हातातून निसटताना त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. "ती मला वाचवायला बघतेय. शिडी मीच नेली."

"तुम्ही तेव्हा कुठे होता?" बाईंनी विचारलं. खरं तर प्रश्न विचारायचं काम त्यांचं नव्हतं, पण तो आवाज असा होता की वकील, शिपाई आणि न्यायाधीश सगळेच ताठ बसले.

"न्हाणीघरात."

"किती वेळ?"

"सामान जाईपर्यंत."

"एवढा वेळ तिथे काय करत होता?"

माजी पंतप्रधानांनी कोटाचं बटण लावलं, मग काढलं. "रडत होतो," ते म्हणाले.



"पाण्याचा आवाज येत होता," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, दाढी करताय."

"म्हणूनच नळ सोडून ठेवला होता."

बाई पिंजऱ्यातून उतरल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. न्यायाधीशांनी निकाल दिला. आरोपी निर्दोष आहे. साक्षीदार बाईंनी चूक कबूल केली आणि वस्तू स्वतःहून परत नेली, तेव्हा गुन्हाच उरत नाही. आणि भांडारपालाने शिडी निमूटपणे ताब्यात घ्यावी.

बाहेर हजारो माणसं उभी होती. माजी पंतप्रधानांनी हात जोडून मान झुकवली, पण हार त्यांच्या डोक्यावरून पुढे गेले आणि मागून येणाऱ्या बाईंच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाची ज्येष्ठ मंडळी घरी आली. माजी पंतप्रधान कोट घालून बाहेरच्या खोलीत तयारच होते.

"या, बसा."

"बसतो. बाई आहेत का?"

बाई पीठ मळत होत्या. मंडळी थेट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. "बाई, या निवडणुकीला तुम्ही उभ्या राहा. नेणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत. परत करणारं माणूस एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सापडलं."

माजी पंतप्रधान दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाईंसाठी भाषण लिहून दिलं. बाईंनी लाल पेनाने त्यातली विशेषणं काढली, तेव्हा अर्धंच भाषण उरलं. लोकांना ते फार आवडलं. बाई निवडून आल्या.

शपथविधीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांचे नवे गृहमंत्री टेबलासमोर येऊन बसले. तेही उत्साहीच होते. "आधीच्या पंतप्रधानांनी जाताना बंगल्यातले पडदे नेलेत. खटला भरायचा का?"

"पडद्यांसाठी मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "दुसरं काही आहे?"

गृहमंत्री जरा घुटमळले. "धरणाचं प्रकरण आहे. सिमेंटऐवजी काय घातलंय देव जाणे. पुरावा भक्कम आहे. पण ते काम यांच्या आधीपासून चालू होतं. म्हणजे..." त्यांनी आवाज उतरवला. "म्हणजे साहेबांच्या काळापासून."

बाई काही बोलायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे आधीच्या पंतप्रधानांची पत्नी होती.

"बाई, पडदे धुऊन, इस्त्री करून पाठवतेय. गडबडीत आले हो."

"काही हरकत नाही, वहिनी. खटला-बिटला होणार नाही, निश्चिंत राहा."

पलीकडचा आवाज उतरला. "अजिबात नाही होणार?"

"नाही."

"म्हणजे, छोटासा सुद्धा नाही? बाई, तुम्हाला म्हणून सांगते, ते दिवसभर घरात असतात. मसाल्याच्या डब्यांवर त्यांनी समिती नेमलीय. आज अहवाल आला, मिठात साखर मिसळली गेलीय."

बाईंनी गृहमंत्र्यांकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं, पण थोडाच वेळ.

"वहिनी, धरणाचा एक खटला आहे. खरा आहे. बरीच वर्षं चालेल आणि रोज चालेल. पण त्यात आमचेही येतील."

"मग बरंच झालं," पलीकडचा आवाज एकदम हलका झाला. "दोघांचा डबा मीच पाठवत जाईन. तुम्ही आपलं देशाकडे बघा."